धोंड्याचं साल

आमच्या आणि काकूंच्या अंगणामध्ये कुपाटी आहे ती नावाला. बोराटी कधीच वाळून मोडली, मधे माणूस आडवा जाईल एवढं खिंडार पडलंय आणि त्यातून काकूंकडचं विरजण आणि गावातल्या बातम्या आमच्याकडे येतात. विरजणाची वाटी मी परत करते. बातम्या परत करायची पद्धत नाही, त्या पुढच्या कुपाटीवर द्यायच्या असतात.

शिमगा होऊन दोन दिवस झाले असतील. काकू खिंडारात उभ्या राहिल्या त्या रिकाम्या हातानं. तेव्हाच म्हणलं, आज काहीतरी मोठं आहे.

"ऐकलंस का माय? नदीकडच्या आखाड्यावरल्या गड्याचं बिऱ्हाड बाहेर काढलं."

"काढलं का काढायलेत?"

"काढायलेत. पत्र्याची पेटी अन् पिठाचा डबा लिंबाखाली आलाय. शेळी तेवढी अजून आत."

म्हणजे भांडण अर्ध्यावर होतं. आमच्याकडे शेळी बाहेर आली की मगच खोली रिकामी झाली असं धरतात.

परजिल्ह्यातल्या वाचकांसाठी दोन शब्द. सालगडी म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेला शेतगडी. खानदेशात त्याला सालदार म्हणतात, तिकडे साल आखाजीला फिरतं, आमच्या हिंगोलीकडे पाडव्याला. पाडव्याच्या आधी पारावर, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात बोली चालते. रोख किती, ज्वारी-गहू किती, कपड्याचे जोड किती, चप्पल कोणाची, उचल किती, महिन्याला सुट्ट्या किती. अलीकडे साल लाखाच्या पुढं गेलंय, तरी गडी मिळत नाही म्हणून मालक लोक कपाळाला हात लावतात. आणि या सगळ्या बोलीच्या शेवटी मालक उठता उठता म्हणतो, "राहायला आखाड्यावर खोली आहेच." ज्वारीच्या पायल्यावर अर्धा तास घासाघीस होते. खोलीवर एक वाक्य. पुढं भांडण लागलं की ते याच वाक्यावरून.

तर हे मालक म्हणजे काकूंचे चुलत दीर. त्यामुळे काकूंचं म्हणणं आधी मालकाच्या बाजूनं आलं. "गड्यानं ३१ खाडे केले गं. ऐन हळद काढणीत मेव्हण्याच्या लग्नाला गेला तर आठ दिवस तिकडंच. हळद अशी वाट बघती का?"

यात खोटं काही नाही. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पेढे वाटले ते सगळ्यांनी बघितले. पण ती हळद शेतातून पोत्यात जाईपर्यंत माणसाचं काय होतं ते ज्याच्या अंगणात कुकर पेटतो त्यालाच माहीत. काढायची, शिजवायची, पंधरा-वीस दिवस उन्हात हलवत राहायची, ढोलात घालून पॉलिश करायची. आभाळ आलं की रात्री बाराला ताडपत्री घेऊन पळायचं. आणि हे सगळं नेमकं पाडव्याच्या तोंडावर, जेव्हा गड्याचा एक पाय जुन्या सालात असतो आणि एक नव्या.

"साल कितीचं होतं?" मी विचारलं.

"सव्वा लाख. अन् त्यानं आतापर्यंत उचलले १ लाख ३० हजार. खाड्याला दुप्पट कापायची आपल्याकडं रीत आहे. ३१ दुणे ६२. आता दिरानं हिशेब केला, २६ हजारावर सव्वादोनशे-अडीचशे निघतात गड्याकडं. ते टाक नाहीतर खोली सोड, असं म्हणाले. त्यात काय चुकलं?"

आमचे हे गुरुजी होते, त्यामुळे हिशेब दिसला की माझ्या हाताला खाज सुटते. सव्वा लाखाला किती दिवसांनी भागलं, असं मी विचारलं. काकू म्हणाल्या, वर्षाचे दिवस ३६५, लहान लेकराला माहीत आहे.

इथंच तर गंमत आहे. पाडवा ते पाडवा ३६५ दिवस कधीच नसतात. गेला पाडवा ३० मार्च २०२५ ला होता, यंदाचा १९ मार्चला. झाले ३५४. पण यंदा ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून धोंड्याचा महिना. त्यामुळे पुढचा पाडवा थेट ७ एप्रिल २०२७ ला. येणारं साल ३८४ दिवसांचं. पैसे तेवढेच.

काकू एकदम गप्प झाल्या आणि मग हळूच म्हणाल्या, "तेच तर मूळ आहे."

काकूंची पद्धत अशी. बातमीचं डोकं त्या शेवटी सांगतात. गड्यानं पुढच्या सालाला धोंड्याच्या महिन्याचे दहा हजार वेगळे मागितले होते. मालक म्हणाले, आजवर कोणी दिले? साध्या सालात अकरा-अकरा दिवस कमी भरतात ते कुठं कापतो आम्ही? हेही खरंच आहे. एकाच मालकाकडं तीन सालं काढली तर हे उणं-अधिक जवळजवळ फिटून जातं. पण गडी साध्या सालाला एकाकडं आणि धोंड्याला दुसऱ्याकडं गेला तर? चंद्र-सूर्यांनी केलेला घोळ, भरायचा एका गड्यानं. तर गड्यानं आठ दिवसांमागं वसमत रोडच्या एका मळ्यावर साल ठरवलं. तिथल्या मालकानं धोंडा मान्य केला, नारळसुद्धा दिला. हे इकडच्या मालकाच्या कानावर गेलं आणि दुसऱ्या दिवशी पेटी लिंबाखाली आली.

खाडे वगैरे त्यानंतरचं.

एवढ्यात गड्याची बायको कळशी घेऊन आली. आखाड्यावरची मोटार मालकानं बंद केली होती, म्हणून गावातल्या नळावर. काकूंना बघून ती थोडी थबकली, मग पदर खोचून उभी राहिली. काकूंनी तोंड फिरवलं नाही, हे काकूंचं मोठेपण. उलट विचारलं, "खाडे किती झाले गं खरे?"

"एकोणीस. मी चुलीमागच्या भिंतीवर कोळशानं रेघा मारून ठेवल्या होत्या."

"मग दाखव ना त्या रेघा."

"दिवाळीला भिंत पोतारली की माय मीच पांढऱ्या मातीनं."

यावर आम्ही तिघी हसलो. ती सगळ्यात जास्त. सहा महिन्यांचा हिशेब तिच्याच हातानं लक्ष्मीसाठी पांढरा झाला होता. मालकाकडं मात्र कॅलेंडर होतं, गोल केलेल्या तारखांचं, आणि कॅलेंडरला कोणी पोतारत नाही.

मग ती म्हणाली, पैशाचं होईल काहीतरी. नवा मालक जुन्याची बाकी भरतो आणि आपल्या उचलीत धरतो, हे चालतच आलंय. तिचं दुखणं दुसरंच होतं. पोरगी सातवीला. परीक्षा एप्रिलात. साल सुटतं पाडव्याला, शाळा सुटते महिन्याभरानं. वसमत रोडवरून पोरगी रोज कशी येणार? "मला खोली कायमची नको. परीक्षा होईपर्यंत राहू द्या म्हणलं. मालक म्हणतात, फुकट ठेवलं वर्षभर, आता काय घर नावावर करू?"

फुकट हा शब्द मला खटकला. मी विचारलं, मालकाच्या गोठ्यातलं शेण कोण काढतं?

"मीच की."

"किती जनावरं?"

"अकरा. सकाळी तास-दीड तास, दिवस मावळता अर्धा तास."

"त्याचे काय देतात?"

ती माझ्याकडं असं बघायला लागली जसं मी भाकरीचे पैसे विचारले. "त्याचे कशाचे? खोली आहे ना."

म्हणजे भाडं होतं. ते कोणी कधी उच्चारलं नव्हतं एवढंच. मी तिथंच, कुपाटीच्या मेढीवर काडीनं गिरवत हिशेब केला. बाईचा रोज आमच्याकडं तीनशे धरला, दोन तासांचे ७५. गुणिले ३५४. झाले २६,५५०. हिंगोली शहरात नळ आणि मीटर असलेली पत्र्याची खोली महिन्याला दोन हजारात मिळते, वर्षाला २४ हजार. नदीकडच्या आखाड्यावर मीटर नाही, संडास नाही. पुढची पडवी तर गड्यानं स्वतः तुराट्यांचा कूड घालून उभी केलीय. ही बाई शहरापेक्षा महाग भाडं भरत होती आणि तिला आणि मालकाला दोघांनाही वाटत होतं की ती फुकट राहते.

काकू काही बोलल्या नाहीत. "गॅसवर दूध आहे" म्हणून आत गेल्या. काकूंकडं चूल आहे.

माझा भाचा हिंगोलीला कोर्टात वकिली करतो. दुपारी त्याला फोन लावला. वकिलाला फोन लावला की तो आधी म्हणतो, "तसं नसतं मावशी." तसंच झालं. मी ऐकलं होतं की वेठबिगारीच्या कायद्यात घरातून काढायला बंदी आहे. आहे, तो म्हणाला. वेठबिगार पद्धत निर्मूलनाचा १९७६ चा कायदा. कामाच्या मोबदल्याचा भाग म्हणून घर मिळालेलं असेल तर मुक्त झालेल्या माणसाला त्यातून काढता येत नाही, काढलं तर दंडाधिकाऱ्यानं ताबा परत द्यायचा. पण ते शब्द कायदा सुरू झाला तेव्हा अशा घरात राहणाऱ्यांसाठी आहेत. आज पारावर उभं राहून ते कलम फडकवू नका, समोरचा वकील हसेल. आणि प्रत्येक सालगडी वेठबिगार नसतो. उचल घेतली, काम केलं, हिशेब झाला, निघाला, यात वेठ नाही. मात्र "उचल फिटेपर्यंत दुसरीकडं पाऊल टाकायचं नाही" असं मालक म्हणाला, किंवा किमान मजुरीपेक्षा कमी देऊन अडवून ठेवलं, की प्रकरण त्या कायद्याकडं सरकतं. मग तशी उचल वसूल करणंच गुन्हा होतो, तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. "दिराला हे जरूर सांगा," तो म्हणाला. काकूंचा दीर माझा कोण लागतो, हे भाच्याला अजून नीट कळलेलं नाही.

मजुरीबद्दल त्यानं एक चांगली गोष्ट सांगितली. १९४८ च्या किमान वेतन कायद्यात मजुरीची व्याख्या करताना राहायला दिलेल्या घराची किंमत बाहेर ठेवली होती. म्हणजे खोली दिली म्हणून मजुरी कमी, हे गणित तेव्हापासूनच कागदावर चालत नव्हतं. तो कायदा गेल्या नोव्हेंबरात जाऊन वेतन संहिता आली, तिच्याही व्याख्येत घराची किंमत बाहेरच्या रकान्यात आहे.

आणि मालक कागद का करत नाहीत? इथं भाचा हसला. कुळाच्या भीतीनं. आमचा मुलूख आधी निजामाचा, मग मुंबई राज्याचा, मग महाराष्ट्राचा. १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यात आणि त्यानंतर हिंगोली जिल्हा. एवढं सगळं बदललं, पण कुळकायदा अजून हैदराबादचाच, १९५० चा. आजोबांच्या वेळी कुळात गेलेल्या जमिनीची आठवण प्रत्येक मालकाच्या घरात आहे. त्यामुळे गड्याच्या नावाचा साधा कागदही नको. त्याचं मतदान नको, वीजमीटर नको, पत्ता म्हणून आखाडा नको. मात्र त्याच कायद्यात लिहिलंय की रोख किंवा धान्यात मजुरी घेणारा, पिकात वाटा नसलेला नोकर कूळ होत नाही. गोव्यातल्या एका घराच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये तर सरळ म्हटलं, की राखणदार किंवा नोकर म्हणून राहणाऱ्याला कितीही वर्षं राहिला तरी त्या जागेत हक्क मिळत नाही. "म्हणजे मावशी, साल रोखीनं आणि धान्यानं ठरलंय, पिकात वाटा नाही, खोली नोकरीपुरती आहे, असा कागद केला तर तो मालकाच्याच कामाचा. ज्या कागदाला ते भितात तोच त्यांना वाचवतो."

मग मोटार बंद करून, सामान लिंबाखाली टाकून काढणं चालतं का? नाही चालत. काढायचं तर मुदत द्या, नाही ऐकलं तर कोर्टात जा. आणि गड्याला वकील परवडत नसेल तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडं जायचं. बाई असेल, अनुसूचित जाती-जमातीची असेल, तर उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. फोन १५१००.

यातलं मी पारावर काय बोलणार? आमच्याकडं बायकांनी पारावर बसायचं नाही, पाराजवळच्या नळावर उभं राहायचं. रविवारी पारावर या भांडणाची बैठक झाली तेव्हा नळाला पाणी नव्हतं, तरी आम्ही नऊ जणी कळश्या घेऊन तिथं होतो. सरपंच घरात भाकरी करत होत्या आणि सरपंचपती बाहेर न्याय करत होते. तंटामुक्ती समितीचे अध्यक्षही आले होते. ही समिती २००७ च्या १५ ऑगस्टला सरकारी मोहिमेतून सुरू झाली. आमच्या गावात तिचा फलक आहे आणि अध्यक्ष आहेत, मधलं काय आहे ते बैठकीलाच दिसतं.

खाड्यांवर दीड तास गेला. मालकाचे ३१, बाईचे पोतारलेले १९. मालकाच्या कॅलेंडरात एका तारखेला गोल होता ती पोळ्याची निघाली, तेव्हा सगळे हसले आणि मालकही थोडे ढिले झाले. शेवटी २४ वर तुटलं. दुपटीचं काय? आमचे हे, जे घरात कधी बोलत नाहीत, पारावर एकदम बोलले. मालकानं वेळेवर पैसे दिले नाहीत तर दुप्पट देतात का, असं विचारलं. कोणी उत्तर दिलं नाही आणि दुप्पट तिथंच मेली. ३५४ नं भागून दिवसाचे ३५३ रुपये, चोवीस दिवसांचे ८,४७२. गड्याकडं निघाले १३,४७२. सव्वीस हजारांची बाकी जवळजवळ निम्म्यावर आली. ती नवा मालक भरणार, गडी पाडव्यापर्यंत हळद उरकून देणार.

खोलीचा विषय कोणी काढेना. पेटी अजून लिंबाखालीच होती. मालक चपला घालायला लागले तेव्हा ती बाई कळशी खाली ठेवून पुढं आली आणि म्हणाली, "मी पाडव्यापासून गोठ्यात येणार नाही. खोली मला परीक्षेपर्यंत पाहिजे. त्याचं भाडं सांगा, मी रोजानं जाऊन देते."

पार गप्प झाला. भाडं सांगा म्हटल्यावर भाडं सांगावं लागतं आणि भाडं सांगितलं की शेणाचा रोज सांगावा लागतो. मालक हुशार आहेत, त्यांना पुढचं दिसलं. "राहा म्हणावं," ते म्हणाले, "एप्रिल अखेरपर्यंत. भाडं-बिडं नको."

कागद करायचं माझ्यावर आलं. शाळेच्या वहीचं पान, अक्षर तिच्या पोरीचं, कारण माझं अक्षर कोणाला लागत नाही. सात ओळी. साल रोख आणि धान्यावर होतं, पिकात वाटा नव्हता. हिशेब १९ मार्चला पुरा. बाकी एवढी, ती दिल्यावर काही देणं नाही. खोलीत ३० एप्रिलपर्यंत राहायचं, मोटारीचं पाणी मिळायचं. त्या काळात गोठ्याचं काम नाही. पडवीच्या तुराट्या आणि पत्रे गड्याचे, जाताना न्यायचे. दोन प्रती, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. पोरीनं तारखेखाली रेघ ओढली आणि खाली हळूच आपलं नाव आणि इयत्ता घातली, गृहपाठासारखी. ती मी खोडू दिली नाही.

सोमवारी सकाळी काकू खिंडारात आल्या, हातात विरजणाची वाटी. कागदाची नक्कल बघायला मागितली. दारात उभं राहून ओळीवर बोट ठेवत वाचली. पाचव्या ओळीवर बोट थांबलं.

"हे गोठ्याचं कशाला घातलं गं?"

"तिनं सांगितलं म्हणून."

काकूंनी कागद घडी करून माझ्या हातात दिला आणि वाटी तशीच घेऊन परत गेल्या. त्यांच्या गड्याचं साल याच पाडव्याला फिटतंय. त्यांच्या गोठ्यातलं शेण चार वर्षं झाली त्याची बायको काढते.